भडंगाच्या पुडीवर माझीच जाहिरात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला छोट्या व्यावसायिकांच्या जाहिरातींवरचा लेख सुनेनं मला मोठ्यानं वाचून दाखवला. मी तेव्हा ब्याडगीची देठं खुडत बसले होते. जाहिरातीची माध्यमं तीन जातींची, असं लेखकानं सांगितलंय: पैसे देऊन घेतलेली, स्वतःच्या मालकीची आणि लोकांनी आपणहून बोलून मिळवून दिलेली. इथवर मी मान डोलावली. पण शेवटी त्यांनी सल्ला दिला, की लहान दुकानदारानं वर्तमानपत्र, रेडिओ, पत्रकं यांचा नाद सोडावा आणि सगळा पैसा मोबाईलवर लावावा. ते ऐकून हातातली मिरची खाली ठेवली.

सांगलीत १९९४ पासून माझं मिरची कांडपाचं आणि कांदा-लसूण मसाल्याचं दुकान आहे. गल्ल्याशेजारी एक दोनशे पानी वही असते. नवं गिऱ्हाईक आलं की मी एकच गोष्ट विचारते, “आमचं नाव कुठनं कळलं?” जे उत्तर येईल ते तारखेसकट लिहून ठेवते. ही सवय वडिलांची. ते किर्लोस्करवाडीला फौंड्रीत मोल्डर होते आणि घरातला घासलेटचासुद्धा हिशेब लिहायचे. अशा अकरा वह्या भरल्या. तीन महापुरानं नेल्या. उरलेल्या आठ वह्यांच्या जोरावर हे पत्र लिहिते आहे.

पहिली पत्रकं छापली तेव्हा मला वाटलं, एक हजार पत्रकं म्हणजे एक हजार घरं. पहाटे चारला पेपरविक्रेते गठ्ठे सोडून पुरवण्या घालायला बसतात, तिथं आमचे हे स्वतः जाऊन पत्रकं देऊन आले. आठ दिवसांत वहीत फक्त चार नावं. नवव्या दिवशी संध्याकाळी भडंग आणला, तर पुडी माझ्याच पत्रकाची! पुडी उलगडून बघते तो आत आमचा फोन नंबर आणि त्यावर तेलाचा डाग. भडंगवाल्याला विचारलं तर म्हणाला, “काकू, कालच रद्दीत घेतला गठ्ठा. कोरा करकरीत होता.” राग आला, पण भडंग संपवला. त्यानंतर आम्ही पत्रकं दोन-दोनशेच छापू लागलो, आणि दर खेपेला वेगळ्या भागातल्या विक्रेत्याकडं देऊ लागलो. पत्रकाच्या कोपऱ्यात त्या भागाचं एक अक्षर छापायचं: वि म्हणजे विश्रामबाग, मि म्हणजे मिरज. पत्रक दाखवलं की कांडपात किलोमागं रुपया कमी. मग कळायला लागलं कुठला गठ्ठा घरात गेला आणि कुठला रद्दीत.

आणखी एक गोष्ट कळली. पत्रक मार्चात टाकलं तरी बाई मेमध्ये यायची, चार घड्या घातलेला कागद पर्समधनं काढायची. इतके दिवस तो कुठं होता? देवघराच्या फळीखाली, नाहीतर मिसळणाच्या डब्याच्या तळाशी. कागद वाट बघतो. मोबाईलवरची जाहिरात वाट बघत नाही, अंगठ्याच्या एका झटक्यात वर निघून जाते. लेखकानं प्रत्येक माध्यमाचा खर्च दिलाय, ते माध्यम घरात किती दिवस राहतं हे मात्र दिलेलं नाही.

तसाच हंगाम. आमच्या भागात वर्षाची चटणी उन्हाळ्यात होते, मार्च ते मे. एका वर्षी एका गोड बोलणाऱ्या माणसाच्या नादानं मी दिवाळीत पेपरात जाहिरात दिली. कॉलम सेंटीमीटरचा, म्हणजे एका कॉलमच्या रुंदीच्या एक सेंटीमीटर उंच जागेचा, दर असतो तो तेव्हा पहिल्यांदा कळला, आणि एजन्सीचं पंधरा टक्के कमिशन त्या दरातच बसलेलं असतं हेही. जाहिरात सुंदर दिसली. शेजाऱ्यांनी कौतुक केलं. गिऱ्हाईक आलं नाही, कारण दिवाळीत बायका चकलीची भाजणी शोधत असतात, संकेश्वरी मिरची नाही. त्यात वर्तमानपत्राचा काय दोष?

रेडिओबद्दल लेखात एकच ओळ आहे, तीही ‘आता फारसा ऐकला जात नाही’ अशी. मला हे पटत नाही, कारण मसाल्याचं गिऱ्हाईक स्वयंपाकघरात असतं आणि तिथं दोन्ही हात कणकेत असतात. कणकेचे हात स्क्रीनला लागत नाहीत, कान मात्र मोकळे असतात. विविध भारतीवर १९६७ च्या नोव्हेंबरात जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून. त्याच्या आधी लोक रेडिओ सिलोन लावायचे, आणि १९५२ पासून तिथं जी गीतमाला लागायची तिचं नावच ‘बिनाका’. म्हणजे टूथपेस्टचं नाव घेतल्याशिवाय कार्यक्रमाचं नाव घेता येत नव्हतं! माझे वडील ती टूथपेस्ट कधी वापरत नव्हते, राखुंडीच लावायचे, पण नाव त्यांच्या तोंडात आयुष्यभर राहिलं. आम्ही सांगली आकाशवाणीवर दोन उन्हाळे दहा-दहा सेकंदांची जाहिरात दिली. वहीत त्यातनं आलेल्या बहुतेक बायका खेड्यावरच्या आहेत, आणि नुसता मसाला घ्यायला नाही, मिरचीची पोती घेऊन कांडपालाच आलेल्या.

आता लेखकाच्या दुसऱ्या जातीकडं येते. स्वतःच्या मालकीचं माध्यम म्हणजे वेबसाइट, असं ते म्हणतात. आमच्या जिल्ह्यात हे काम वेबसाइट यायच्या कितीतरी आधी झालं होतं. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. अशा गिऱ्हाइकाला नुसती जाहिरात पुरत नाही, त्याच्याशी बोलत राहावं लागतं. १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं ते कारखान्याचं घरचं पत्र म्हणून. शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार. त्यांनी त्यात चित्रं, लेख, गोष्टी आणल्या, आणि मालाची माहिती देणाऱ्या त्या पत्राचं पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. मग १९३० ला ‘स्त्री’ आलं, १९३४ ला ‘मनोहर’. माझी आई ‘स्त्री’ वाचायची. तिनं काही नांगर विकत घेतला नाही, पण कारखान्याचं नाव तिच्या उशाशी असायचं. हल्ली पोरं ज्याला ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणतात ते आणखी काय असतं?

माझी ऐपत मासिक काढायची नाही. माझ्या मालकीची माध्यमं दोन. एक पाकिटावरचं लेबल. त्यावर कायद्यानं लागतं ते सगळं आहेच, शिवाय ‘अर्धा किलो वांग्याला दोन चमचे, आमटीला एक’ असं मी छापते. पाकीट वर्षभर बाईच्या हाताशी असतं, तेवढी जागा मला कोण फुकट देणार? दुसरं माध्यम दिनदर्शिका. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय काढलं आणि मराठी घरात भिंतीवरच्या कागदाला वाचायची सवय लावली. माझी दिनदर्शिका साधी, प्रेसवाल्याकडं तयार असते ती, खालच्या पट्टीवर फक्त आमचं नाव. पण तारखेची चौकट मोठी असली पाहिजे असा माझा हट्ट असतो, कारण बाया त्यात दुधाचा हिशेब लिहितात, सिलिंडर कधी लावला ते लिहितात. एका वर्षी प्रेसवाल्यानं देवीचा फोटो मोठा करून चौकटी बारीक केल्या. दहा-बारा जणींनी दुकानात येऊन तक्रार केली. फुकट दिलेल्या वस्तूबद्दल लोक भांडायला येतात म्हणजे ती घरात वापरात आहे, हे मला त्या दिवशी समजलं.

तिसऱ्या जातीचं, म्हणजे लोकांनी मिळवून दिलेलं माध्यम. लेखकानं इथं गुगलवरचे तारे आणि रिव्ह्यू एवढंच लिहिलंय. ते असावं. दुकान कधी उघडतं, कुठं आहे, हे लोक तिथंच बघतात आणि त्याला पैसे पडत नाहीत. (शंभर चांगले रिव्ह्यू विकत देतो म्हणणाराही दुकानात येऊन गेला. त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.) पण आमच्या बायकांचं खरं माध्यम संक्रांतीचं हळदीकुंकू. संक्रांत ते रथसप्तमी घरोघरी बायका जमतात, वाण लुटतात. २००८ साली एका गिऱ्हाइकानं विचारलं, “मावशी, पन्नास ग्रॅमच्या चाळीस पुड्या बांधून द्याल का? वाणाला प्लॅस्टिकचे डबे देऊन कंटाळा आला.” दिल्या. पुढच्या मार्चात वहीत ‘वाणात मिळाला’, ‘वाणात मिळाला’ असं सलग दोन पानं. जाहिरातीचे पैसे गिऱ्हाइकानं भरले, वाटपही तिनंच केलं, आणि ‘चांगला आहे गं, मी वापरते’ हे वर फुकट सांगितलं. आता दर जानेवारीत वाणाच्या पुड्या बांधायला आम्ही दोन बायका जादा घेतो. या माध्यमाला काय नाव द्यायचं ते लेखकानं सांगावं.

मोबाईलच्या मी विरोधात आहे असं समजू नका. व्हॉट्सॲपवर आमची ब्रॉडकास्ट यादी आहे. एका यादीत २५६ नंबर बसतात, आणि ज्यानं आमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. सून म्हणते ही अडचण आहे. मला ती सोय वाटते. ज्यानं नंबर ठेवलाय त्यानं दार उघडं ठेवलंय, बाकीच्यांच्या घरात आपण घुसत नाही. ‘ब्याडगी आली, देठासकट, भाव अमुक’ एवढाच निरोप जातो. सुप्रभात, सुविचार, सणाच्या शुभेच्छा बंद. त्या पाठवल्या की लोक नंबर काढून टाकतात, हे आम्ही एका दसऱ्याला शिकलो.

आणि रील. पुतण्यानं कांडप यंत्रातनं लालभडक चटणी पडतानाचं रील टाकलं. लाखांवर लोकांनी बघितलं. घरात सगळे खूश, मी वही उघडून बसले. त्या महिन्यात सांगली-मिरजेतनं ‘मोबाईलवर बघितलं’ म्हणून आलेली माणसं नऊ. बाकी बघणारे कुठले कुठले, पाटण्याचे, इंदूरचे, नुसतं ‘प्राइस प्लीज’ लिहून गेलेले. मग सुनेनं मला दुसरी यादी दाखवली आणि मी गप्प बसले. पुण्यात हिंजवडीला, ठाण्याला, बंगळूरला नोकरीला गेलेली आमच्याच गल्लीतली पोरं. “मावशी, इकडच्या मसाल्याला ती चव नाही, कुरिअर करता का?” ही गिऱ्हाइकं मला पत्रकानं सात जन्मांत सापडली नसती. त्यांचा पेपर वेगळा, रेडिओ वेगळा, हळदीकुंकवाला त्यांना कोणी बोलावत नाही. त्यांच्यासाठी मोबाईलच. आज माझ्या मालातला चांगला हिस्सा कुरिअरनं जातो आणि हे श्रेय सुनेचं आहे.

पण त्याच सुनेनं समाजमाध्यमावर चार वर्षं राबून उभं केलेलं आमच्या दुकानाचं पान एका रात्रीत गेलं. सकाळी बघतो तर आमच्या नावाच्या जागी कुठल्यातरी परदेशी आभासी चलनाचं नाव. तक्रार करायला माणूस नाही, खिडकी नाही, फोन नाही, नुसते फॉर्म. दुसऱ्याच्या ओसरीवर दुकान मांडलं की एवढं धरूनच चालायचं. तेव्हापासून तिकडनं येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर मी वहीत पेननं उतरवून घेते. सून हसते, हसू दे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. दुकानात गळ्याइतकं पाणी होतं. पाणी ओसरलं तेव्हा वीज नव्हती, फोनला रेंज नव्हती, पेपर बरेच दिवस घरी आला नाही. सगळ्या जातींची माध्यमं एकदम बंद! आम्ही काय केलं? भिजलेल्या मिरचीची आणि मसाल्याची पोती ओढून बाहेर आणली आणि दुकानासमोर रस्त्यावर ढीग लावला. महापालिकेचा ट्रॅक्टर येईपर्यंत तो तसाच पडून होता. अख्खी गल्ली नाक धरून जात होती आणि बघत होती. नंतर एक रिक्षा ठरवली, भोंगा लावला, आणि पुतण्यानं आवाज भरून दिला: “कांडप पुन्हा सुरू. भिजलेला सगळा माल फेकून दिलेला आहे.” रिक्षा दोन दिवस फिरली. त्यानंतर आलेल्या बायकांना मी नेहमीसारखं विचारलं, कुठनं कळलं? कोणी भोंग्याचं नाव घेतलं नाही. एकीचं उत्तर वहीत तसंच्या तसं आहे: “ढीग बघितला होता.”

फ्लेक्सचं थोडक्यात सांगते. पूर्वी तासगाव रस्त्यावर घरमालकाला विचारून भिंत रंगवून घ्यायचो. पेंटर अक्षरं अशी काढायचा की दहा वर्षं बघत राहावं. मग फ्लेक्स आला आणि पेंटर गेला. चौकात वाढदिवसांच्या गर्दीत माझी मिरची कोणाला दिसणार, म्हणून सोडलाच होता. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोलपंपावर होर्डिंग पडून १७ माणसं गेली, तेव्हापासून तर रस्त्यानं जाताना फलकावर काय लिहिलंय ते वाचायच्या आधी माझी नजर खांबाकडं जाते.

आता ज्यासाठी मुद्दाम आपल्याला लिहिलं ते. गेल्या उन्हाळ्यात एक तरुण मुलगी कॅमेरा घेऊन आली. तिला बघणारे पुष्कळ, असं ती म्हणाली. रोख पैसे आणि पाच किलो मसाला द्या, मी ‘सांगलीत अचानक सापडलेलं दुकान’ असा व्हिडिओ करते. मी म्हटलं, कर, पण खाली ‘जाहिरात’ असं लिही. ती म्हणाली, “आजी, मग कोण बघणार?” मी तिला सांगितलं, पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओवर तसं लिहायचं हा २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेचा नियम आहे, नियमाचं सोड, पण ‘अचानक सापडलं’ हे खोटं आहे. ती गेली. मला जरा अभिमान वाटला. सून पाकिटं चिकटवत होती. मान वर न करता म्हणाली, “आई, पण आपण पेपरात तेच केलं होतं की.”

केलं होतं. महिला दिनाच्या एका विशेष पुरवणीसाठी एका दैनिकाच्या जाहिरात विभागातनं फोन आला होता. पॅकेज होतं, पाव पान, फोटोसकट. मजकूर त्यांच्या माणसानंच लिहिला. ‘जिद्दीची लाल रेषा’ की असंच काहीतरी मथळा. बातमीचा टाइप, बातमीसारखेच कॉलम, आणि जाहिरात हा शब्द कुठंच नाही. निदान मला चष्मा लावूनही सापडला नाही. सकाळी दुकान उघडलं तर वीस वर्षांची जुनी गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षिका, कात्रण हातात घेऊन उभी. डोळ्यांत पाणी. “पेपरनं तुमची दखल घेतली हो वहिनी, फार बरं वाटलं.” मी “हो ना” म्हटलं. त्या दिवशी वहीत तिचं उत्तर लिहिलं नाही. ती जागा कोरी आहे.

संपादक महोदय, मी पेपरात जाहिरात का देते? शेजारी बातमी असते म्हणून. लोक बातमीवर विश्वास ठेवतात आणि त्या विश्वासाचा थोडा उजेड माझ्या चौकटीवर पडतो, मी त्याचे पैसे मोजते. बातमी आणि जाहिरात यांच्यातली रेघ पुसली की पहिले आठ दिवस माझा फायदा होईल. नंतर ती शिक्षिका माझी चौकटही वाचणार नाही आणि तुमची बातमीही. २००९ च्या निवडणुकांनंतर पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा, केवढा गाजावाजा झाला, प्रेस कौन्सिलनं समिती नेमली. तेव्हा राजकारण्यांची चर्चा झाली, मसालेवालीची झाली नाही. आमचं पाव पान लहान, पण खोटं त्याच जातीचं. मी त्यात निम्मी भागीदार होते, म्हणून हे बोलायचा हक्क मला कितपत आहे हे आपण ठरवा.

माझी मागणी एवढीच, की पैसे घेऊन छापलेल्या प्रत्येक मजकुरावर ‘जाहिरात’ हा शब्द मथळ्याच्या वर, मथळ्याएवढ्या टाइपात छापा. कोपऱ्यात मुंगीएवढा नको. दर कमी करू नका, मी पूर्ण दर देईन. आणि ज्यांनी तो लेख लिहिला त्यांना कळवा, की सांगलीला आले तर वह्या बघायला जरूर यावं. बसायला पोतं आहे, शिंका येतील.

पत्र छापलंत तर खाली दुकानाचं नाव घालू नका. मीही मुद्दाम लिहिलेलं नाही.

आपली,
एक कांडपवाली, सांगली